‘सुरुवात’ एकदाच छापली, मग फाईलमध्ये दोनदा कशी?

प्रश्न: मॅडम, मी मिरजेला बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिनक्सवर सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला: प्रिंटएफने ‘सुरुवात’ छापायचं, मग फोर्क (चालू प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, दुसरी प्रत काढणारा कॉल), मग ‘शेवट’. स्क्रीनवर ‘सुरुवात’ एकदा आणि ‘शेवट’ दोनदा आलं, ते समजलं. पण आउटपुट फाईलमध्ये घेतलं की ‘सुरुवात’ही दोनदा येते. चाइल्ड प्रोसेस, म्हणजे फोर्कने काढलेली नवी प्रत, पहिल्या ओळीपासून सुरू होते का?

उत्तर: नाही. चाइल्ड फोर्कमधून परत येतानाच जन्माला येते, त्याआधीची एकही ओळ ती चालवत नाही. तुझी फाईल पुन्हा उघड आणि क्रम बघ. सुरुवात, शेवट, सुरुवात, शेवट असाच असणार. कुणीतरी दोन्ही शब्द एकत्र बांधून दोनदा फाईलमध्ये ठेवल्यासारखं दिसतं की नाही? झालंय तेच.

प्रिंटएफ मजकूर थेट बाहेर पाठवत नाही. तो आधी प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जातो. समोर स्क्रीन असेल तर ओळ संपली की बफर रिकामा होतो. समोर फाईल असेल तर तो भरेपर्यंत, म्हणजे सहसा ४०९६ बाइट होईपर्यंत, किंवा प्रोग्राम संपेपर्यंत मजकूर आतच थांबतो. तू फोर्क केलंस तेव्हा ‘सुरुवात’ अजून घराबाहेर पडलीच नव्हती. फोर्क अख्ख्या प्रोसेसची प्रत काढतं, त्यात हा बफरही आला. मग मूळ प्रोसेस (पेरेंट) आणि चाइल्ड या दोघींनी आपापल्या बफरमध्ये ‘शेवट’ जोडला आणि संपताना तो रिकामा केला.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ. प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमला कोणते कॉल करतो ते दाखवणारं एसट्रेस हे साधन, चाइल्डचेही कॉल दिसावेत म्हणून ‘एफ’चा पर्याय देऊन, चालव. ‘सुरुवात’ यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट, नवी ओळ धरून २२. ‘शेवट’ तसाच १३. स्क्रीनवर राइटचे तीन कॉल दिसतील: २२, १३, १३. फाईलकडे वळवलंस की दोनच, प्रत्येकी ३५. शिवाय फोर्कच्या जागी क्लोन हे नाव दिसेल. गोंधळू नकोस, लिनक्सवर सी लायब्ररीचं फोर्क आतून क्लोनच बोलावतं.

हे मी इतक्या तपशिलात लिहितेय कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी याच गोष्टीने मला तीन रात्री जागवलं. एका गिऱ्हाइकाच्या रात्रीच्या रिपोर्टवर शीर्षक दोनदा यायचं. स्क्रीनवर तपासलं की सगळं चोख. आम्ही प्रिंटर बदलला, केबल बदलली. फोर्कच्या आधी बफर रिकामा करायची एक ओळ राहिली होती, आणि ती मीच विसरले होते.

एवढी मोठी प्रत काढायला वेळ लागत नाही का, असंही तुला वाटेल. १९६९ च्या सुमारास पीडीपी-७ या संगणकावर केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स उभं करत होते, तेव्हा प्रोसेस डिस्कवर हलवायची सोय आधीपासून तयार होती. तिचाच वापर करून डिस्कवर प्रत काढली की फोर्क झालं. असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळी लागल्या, असं रिचींनीच नोंदवून ठेवलंय. मला ती नोंद फार आवडते. आज लिनक्स सुरुवातीला डेटाची प्रत काढतच नाही. दोन्ही प्रोसेस मेमरीची तीच पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) वाचतात. कुणी लिहायला गेलं की तेवढ्याच पानाची, बहुधा ४ केबीची, वेगळी प्रत होते. तुझ्या प्रोग्राममध्ये ‘शेवट’ बफरमध्ये पडला, त्या क्षणी ते पान वेगळं झालं.

आता दुरुस्ती. फोर्कच्या आधी एफफ्लश करून बफर रिकामा कर, ‘सुरुवात’ एकदाच येईल.

पण त्याआधी, एफफ्लश न लावता, आणखी एक करून बघ. चाइल्डमध्ये काही न छापता लगेच एक्झेकने (चालू प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम चढवणारा कॉल) तारीख छापणारी ‘डेट’ कमांड चालव आणि पेरेंटला वेट करायला, म्हणजे चाइल्ड संपेपर्यंत थांबायला, लाव. एक्झेक चाइल्डची जुनी मेमरी बफरसकट टाकून देतं. फाईलमध्ये ‘सुरुवात’ एकदाच असेल, आणि तारीख तिच्या वर छापलेली असेल.