भांडी त्यांना दे

मावशी, नमस्कार.

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ माझं. सासर अमळनेरला. डिझाइनच्या डिग्रीचं दुसरं वर्ष जळगावला चालू आहे, रेल्वेने रोज अप-डाऊन करते. शिक्षण पूर्ण करायचं हे बैठकीतच ठरलं होतं आणि घरच्यांनी तो शब्द पाळलाय.

त्रास आहे तो सासूबाईंचा. सकाळी पाणी भरा, डबे करा, मग गाडी पकडा. संध्याकाळी आलं की भाकरी टाका. खापरावरचे मांडे मला येत नव्हते, तरी पाहुण्यांच्या दिवशी मलाच करायला बसवलं. दोन फाटले तर सगळ्यांदेखत बोलल्या. रात्री लॅपटॉप उघडा दिसला की टोमणा ठरलेला, ‘कोन शिकी ऱ्हायनं, तू का तो?’

कॉलेजात सगळे पुढे गेलेत. आम्हाला इलस्ट्रेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, चालू आहे. केळीच्या वेफर्सचं पाकीट करायचं होतं. सरांनी माझी फाइल सगळ्यांसमोर प्रोजेक्टरवर उघडली, कंट्रोल-वाय दाबलं, तर केळीच्या पानावर नुसते पॉइंटच पॉइंट. म्हणाले, हा कर्व्ह कसा घेतलास सांग. मला काही बोलता आलं नाही. धरणगाव येईपर्यंत गाडीत रडत होते.

हे मात्र देवमाणूस आहेत. फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहेत, तिथलं डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरेल चांगलं येतं. मला झोप मिळावी म्हणून मी भांडी आवरेपर्यंत ते माझी असाइनमेंट करून ठेवतात. ह्यांचा आधार नसता तर मी कॉलेज कधीच सोडलं असतं. सरावाला वेळ पाहिजे, हे सासूबाईंना कसं समजावू?

— गोंधळलेली सून, अमळनेर

ता. क. मराठी टायपिंग मला येत नाही. पत्र ह्यांनी टाइप करून दिलंय. चूकभूल माफ असावी.

*

पोरी, पत्रात सगळा दोष तू सासूबाईंवर टाकलास. त्यांच्याकडे मी येते, पण तिथे फार वेळ थांबणार नाही. मी अडले ती एका वाक्यापाशी. ते तू कौतुकाच्या भरात लिहिलंस आणि पुढे गेलीस. ‘मी भांडी आवरेपर्यंत ते माझी असाइनमेंट करून ठेवतात.’

हे जरा मोठ्याने वाच बघू.

रात्री जेवणं उरकली की तुमच्या घरात दोन कामं उरतात. त्यातलं एक कोणीही केलं तरी चालतं. कढई कोणी घासली ह्याचं कढईला काही नसतं. दुसरं काम मात्र एकट्या तूच करायचं आहे, कारण फी तुझ्या नावाने भरलीय आणि शिकायचं तुला आहे. आता तुम्ही दोघांनी वाटणी कशी केलीत? जे कोणालाही जमेल ते तू घेतलंस, आणि जे फक्त तू करायचं ते त्यांनी घेतलं. वर त्याला तू आधार म्हणतेस आणि वेळ मिळत नाही म्हणून सासूला धरतेस. वेळ आहे की! रोज रात्रीचा पाऊण-एक तास तुझ्या घरात कोणीतरी इलस्ट्रेटरचा अभ्यास करतंय. फक्त ते कोणीतरी तू नाहीस.

मी ड्रॉइंग टीचर होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली. घरून रंगवून आणलेलं चित्र हातात घेतलं की ते पोराचं की त्याच्या बापाचं, हे सांगायला भिंग लागत नाही. तुझ्या सरांनाही लागलं नाही. कंट्रोल-वाय दाबलं की रंग, छटा सगळं उडतं आणि खालचा सांगाडा, नुसत्या रेषा उरतात. आणि पानावर पॉइंटच पॉइंट म्हणतेस ना? एवढे पॉइंट हाताने कोणी देत नाही गं, तेवढा धीरच नसतो कोणाला. ते ट्रेस आहे, म्हणजे फोटोवरून सॉफ्टवेअरने आपोआप काढलेल्या रेषा. माझा अंदाज सांगते. नेटवरून पानाचा फोटो घेतला, कोरेलमध्ये टाकला, ट्रेस मारलं, फाइल एक्स्पोर्ट केली आणि लॅपटॉप बंद. म्हणजे ज्या कर्व्हबद्दल सरांनी तुला विचारलं तो तू घेतला नव्हतास, आणि ह्यांनीही घेतला नव्हता. सॉफ्टवेअरने घेतला होता. मग उत्तर येणार कुठून?

फ्लेक्सच्या दुकानात हे चालतं, आणि चालायलाच हवं. लग्नसराईत गिऱ्हाईक दारात उभं, व्हॉट्सअॅपवर आलेला पुसट लोगो, संध्याकाळी बॅनर लागला पाहिजे. तिथे ट्रेस मारणारा माणूस शहाणा. त्या धंद्याला मी नाक मुरडत नाही. पण दुकानात माल द्यायचा असतो, कॉलेजात हात तयार करायचा असतो. दुकानातली घाई त्यांनी तुझ्या वहीत आणली आणि तू ती आनंदाने घेतलीस.

आणि पान नेटवरून? रावेर-यावलची केळी गाड्या भरभरून दिल्लीला जातात. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि आपल्या खानदेशातल्या मुलीच्या पाकिटावर कुठल्यातरी परक्या बागेतलं गुळगुळीत पान! आपल्याकडच्या पानाची कड वाऱ्याने फाटून झालरीसारखी लोंबते, हे तू लहानपणापासून बघितलंयस. ते पाकिटावर आलं असतं तर सरांनी वेगळ्या कारणासाठी फाइल प्रोजेक्टरवर लावली असती. असो, माझी शिक्षकी अजून सुटत नाही.

आता थोडं जवाईबापूंशी बोलते. पत्र तुम्ही टाइप केलंत, तेव्हा हे उत्तरही आधी तुम्हीच वाचत असणार. बायको तुमच्याच बोटांनी तुम्हाला देवमाणूस म्हणाली. टाइप करताना जरा अवघडलात की नाही? नसाल तर अवघडा. तुम्हाला मदत करायची होती, मान्य. पण दिवसभर ज्या खुर्चीत बसता त्याच खुर्चीत घरी येऊन बसलात. जे काम हातात मुरलंय तेच केलंत. तुम्हाला त्यात कष्ट काय पडले? मोरीत उकिडवं बसून कढईचं जळकं खरवडायला लागलं असतं तर पडले असते. मदत म्हणून माणूस स्वतःला सोपं जाईल ते उचलतो आणि समोरच्याला काय हवं ते विचारायचं राहून जातं. तुम्ही तेच केलंत. बायकोचं शिक्षण पूर्ण करून देतो असा शब्द बैठकीत दिला होतात. स्वतः पूर्ण करतो असा नव्हता.

आणि हो, पाठीमागे उभं राहून ‘इथे क्लिक कर, तिथे ओढ’ हेही नको. ती अडेल, चिडेल, फाइल सेव्ह न करता बंद करेल. करू द्या. विचारायला आली तरच सांगा, आणि सांगताना माऊसला हात लावायचा नाही.

आता सासूबाई. ‘कोन शिकी ऱ्हायनं, तू का तो?’ ह्याला तू टोमणा म्हणालीस. त्या घरात नेमका प्रश्न विचारणारी तेवढी एकच बाई आहे. तिला ना इलस्ट्रेटर माहीत, ना पेन टूल. पण रोज रात्री खुर्चीत कोण बसतं हे तिने बघितलंय. आणि मांडे फाटले तेव्हा ती चारचौघांत बोलली, ते वाईटच केलं. पण तुझ्या हातावरचा मांडा तिने ओढून घेऊन खापरावर टाकला नाही. तिसरा कसा झाला, ते तू लिहिलं नाहीस. मला वाटतं नीट झाला असणार. पहाटेच्या पाण्यावरून आणि डब्यांवरून तिच्याशी भांडायचं असेल तर खुशाल भांड, ते वेगळं प्रकरण आहे. ह्या प्रकरणात मात्र ती आरोपी नाही.

तर आज रात्री एवढंच करायचं. जेवणं झाली की खरकटी ताटं उचलून मोरीत ठेव आणि ह्यांना म्हण, ‘भांडी तुम्ही घासा, मी बसते.’ त्यापुढे एक शब्द नको. कारणं देऊ नकोस, ‘आजच्या दिवस’ म्हणू नकोस, ‘सर रागावलेत म्हणून’ तर मुळीच नको. ही कायमची अदलाबदल आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाशील तोवर घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडली पाहिजे.

आणि त्या तासात काय करायचं, तेही सांगते, नाहीतर उघड्या लॅपटॉपसमोर बसून घाबरशील. बाजारातून केळ्याची फणी आण. त्यातलं एक केळं टेबलावर ठेव, मोबाइलवर सरळ वरून फोटो घे, लॅपटॉपवर टाक, तो लेयर, म्हणजे चित्राचा थर, लॉक कर. मग वर नवीन लेयर आणि पेन टूल. देठ बाजूला ठेवलं तर केळ्याची कड चार-पाच पॉइंटांत भागते. आठ लागले तर पुसून पुन्हा. पॉइंट द्यायचा तिथे, जिथे वळण दिशा बदलतं. क्लिक करून बोट सोडायचं नाही, दाबून ओढायचं. मग दोन्ही बाजूंना दांड्या निघतात, त्याच ते हँडल. हँडल जेवढं लांब ओढशील तेवढं वळण फुगतं, आणि ज्या दिशेला नेशील तिकडे झुकतं. टोकाशी जिथे कड एकदम मोडते तिथे आल्ट दाबून एका बाजूचं हँडल वेगळं करायचं. ही अशी वळणं पिएर बेझिए नावाच्या इंजिनिअरने 1960च्या दशकात रेनॉ कंपनीत मोटारींच्या बॉडीचे आकार काढण्यासाठी वापरात आणली. मोटारीची अख्खी बाजू मोजक्या पॉइंटांत बसवणारी रीत ती, तिला एक केळं काही जड नाही. जड आहे ते तुझ्या मनगटाला, आणि ते आठवड्या-दोन आठवड्यांत हलकं होतं. सुरुवातीला केळं भरताच्या वांग्यासारखं दिसेल. ट्रेसचं बटण समोर असेल आणि तुला त्याचा मोह पडेल. त्याला हात लावलास तर तुझ्यात आणि ह्यांच्यात फरक राहिला नाही.

मराठी टायपिंगही ह्याच तासातून दहा मिनिटं काढून शिक. विंडोजमध्ये देवनागरीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन नुसता चालू करायचा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. फ्लेक्सच्या दुकानांत अजून जुने फाँट चालतात, युनिकोड नसलेले. त्यात टाइप केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की अक्षरांचा चिवडा होतो. तेव्हा ह्यांची ती सवय उचलू नकोस. पाकिटावर ‘केळी वेफर्स’ एवढे दोन शब्द तुला लिहिता येत नसतील तर तू डिझायनर कसली?

झालेल्या सबमिशनचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण मी सांगणार. सरांकडे जा आणि पान पुन्हा काढून आणते म्हण. आधीचं कोणी केलं, हे त्यांनी विचारलं तर खरं सांग. मार्क कापले तर कापू देत. परीक्षेला लॅबमध्ये बसशील तेव्हा बाजूच्या खुर्चीत नवरा नसणार.

राहिलं एकच. कर्त्या मुलाला मोरीत बघून सासूबाई गप्प बसणार नाहीत. शेजारणीला ऐकू जाईल एवढ्याने बोलतील, तुझ्या माहेराचाही उद्धार होईल. तू उत्तर द्यायचं नाही आणि वाईट वाटून मोरीकडे धावायचंही नाही. त्यांना उत्तर त्यांच्या मुलाने द्यायचं, साबणाच्या हातांनी. तू खुर्चीतून उठलीस तर मला पुन्हा पत्र पाठवू नकोस.