स्टेज ४ फुप्फुसाचा कॅन्सर, ईजीएफआर पॉझिटिव्ह आहे. केमो लागू पडेल का हे या टेस्टवरून आधीच कळतं का?

तुमच्या वडिलांबद्दलच्या या प्रश्नात तुम्ही शेवटी लिहिलंय ना, "नातेवाईक म्हणतात पॉझिटिव्ह आलाय तर केमो कशाला, नुसत्या गोळीवर भागेल", ते वाचलं आणि लिहायला बसले. हेच वाक्य मी २०१९ पासून ऐकतेय, आमच्याच घरात, धाकट्या मामांच्या तोंडून.

आई तेव्हा अठ्ठावन्नची. आयुष्यात कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. दोन महिने खोकला, एक्स-रे बघून एका डॉक्टरांनी टीबीची औषधं चालू केली, फरक काही पडेना, जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा सांगलीला जाऊन सीटी केला तर उजव्या बाजूला छातीत पाणी, वर गाठ, आणि हाडातही पसरलेलं. सुईने तुकडा काढला, अॅडिनोकार्सिनोमा निघाला, फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. मामांच्या ऑफिसातल्या एकांच्या बायकोला गेफिटिनिबची गोळी लागू पडलेली, दोन महिन्यांत त्या स्वयंपाकाला उभ्या राहिल्या, त्यामुळे मामांचं एकच, अक्काला कसलं व्यसन नाही, बाईमाणूस आहे, तिला ते ईजीएफआरचं म्युटेशन, म्हणजे गोळी लागू पडते तो गाठीच्या जनुकातला बदल, असणारच, रिपोर्टची वाट कसली बघता, उद्यापासून गोळी चालू करा.

मी अडून बसले. रिपोर्टशिवाय गोळी नाही. भाऊ मधल्या मधे, बाबा गप्प.

त्यात पहिल्या लॅबने कॅन्सरचा प्रकार ठरवता ठरवता इतके काप घेतले की तुकडा जवळजवळ संपवला. उरलेला ब्लॉक घेऊन मी महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला गेले. ब्लॉक म्हणजे छोट्या प्लॅस्टिकच्या जाळीवर बसवलेली मेणाची वडी, काडेपेटीएवढीसुद्धा नाही, आणि तिच्यात आईचा तुकडा म्हणजे शेवईचे दोन बारके धागे, उजेडाकडे धरले तरच दिसतील असे. रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला होता, रात्रभर पर्स पोटाशी धरून बसले, मेण उकाड्याने वितळेल अशी धास्ती. आणि चार दिवसांनी फोन आला, टिश्यू अपुरा आहे, टेस्ट होणार नाही.

तोवर आईला आडवं झोपता येत नव्हतं. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडमनी छातीतलं पाणी काढलं आणि फेकून न देता त्यातल्या पेशींचा सेल ब्लॉक, म्हणजे तशीच मेणाची वडी, करून टेस्टला पाठवलं. (हे खूप जणांना माहीतच नसतं, की छातीतल्या पाण्यावरही ही टेस्ट होते. परत सुई टोचायची वेळ आली तर आधी हे विचारा.) रिपोर्टला दहा-बारा दिवस लागणार होते. मॅडम म्हणाल्या, एवढं थांबण्यासारखी तब्येत नाही, पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन या केमोची पहिली सायकल देऊन टाकू. मी सही केली. मामांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह, एक्झॉन १९ डिलीशन, म्हणजे जनुकाच्या १९ नंबरच्या भागातला बारका तुकडा गळालेला. झालं! मामा घरी येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, मी सांगत होतो, पोरीने शिकलेपणाच्या नादात आईला विष टोचलं. पुढे मॅडमनी गोळी जोडली पण केमो थांबवली नाही, तेव्हा तर विचारूच नका. आई २६ महिने जगली. मामा अजून म्हणतात, नुसती गोळी दिली असती तर अक्का आज असती.

आता तुमचा प्रश्न. फुप्फुसाच्या कॅन्सरात केमो लागू पडेल की नाही हे छातीठोक सांगणारी एकही जनुकीय टेस्ट आज रोजच्या वापरात नाही. प्रयत्न पुष्कळ झाले. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध पेशीच्या डीएनएला डाग देतं आणि ईआरसीसी१ हे प्रथिन तो डाग दुरुस्त करतं, मग ज्या गाठीत ते कमी तिला औषध जास्त लागू पडणार, हिशोब सरळ वाटतो. २००६ साली ऑपरेशन झालेल्या पेशंटांवरच्या अभ्यासात तसं दिसलंही, खूप गाजावाजा झाला. २०१३ मध्ये पुन्हा तपासलं तर त्या टेस्टचं रसायन प्रथिनाच्या चार प्रकारांत फरकच करू शकत नव्हतं, जुना निकाल परत मिळेना. त्याच वर्षी स्टेज ४ वाल्यांवर ईआरसीसी१ आणि आरआरएम१ नावाचं आणखी एक प्रथिन बघून केमो निवडण्याची चाचणी झाली, तिच्यातही फायदा दिसला नाही. तेव्हा कोणी "केमो लागू पडेल का ते सांगतो" म्हणून हजारो रुपयांचं पॅनेल गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. त्यापेक्षा कॅन्सरचा प्रकार अॅडिनो आहे का स्क्वॅमस, ही मायक्रोस्कोपखालची साधी गोष्ट जास्त कामाची. पेमेट्रेक्सेड स्क्वॅमसला देत नाहीत.

ईजीएफआर मात्र औषधांचा क्रम ठरवतं. आयपास नावाची मोठी चाचणी २००९ ला छापून आली, सगळे आशियाई, अॅडिनोकार्सिनोमा, सिगारेट न ओढणारे किंवा कधीकाळी थोडी ओढलेले, म्हणजे अगदी माझ्या आईसारखे. अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना केमो. ज्यांची टेस्ट झाली अशा ४३७ जणांत पॉझिटिव्ह निघाले २६१. म्हणजे "असणारच" वाल्या या लोकांतसुद्धा शंभरात चाळीस जणांना म्युटेशन नव्हतं! आणि त्या निगेटिव्हवाल्यांपैकी ज्या ९१ जणांना गोळी दिली त्यांच्यात गाठ आकसली फक्त एकाची. एकाची. केमोवाल्यांत साधारण चौघांत एकाची. मामांचा अंदाज बरोबर निघाला, पण निघाला नसता तर आई त्या ९१ मध्ये असती, आणि तिच्या हातात वाया घालवायला महिने नव्हते.

त्याच चाचणीतली तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे पॉझिटिव्हवाल्यांना केमोसुद्धा निगेटिव्हवाल्यांपेक्षा जास्त लागू पडली, ४७ टक्के विरुद्ध २३-२४. गोळी त्याहून सरस, ७१. म्हणून पॉझिटिव्हला केमो चालत नाही हे साफ खोटं आहे. आणि दोन्ही मिळून? आपल्या परळच्या टाटाने २०१६ ते २०१८ मध्ये ३५० पॉझिटिव्ह पेशंट घेऊन तेच बघितलं. नुसत्या गेफिटिनिबवर आजार साधारण ८ महिने दबून राहिला, गेफिटिनिब अधिक केमोवर १६. दुप्पट! तो निकाल २०१९ लाच आलेला आणि मॅडमनी मला प्रिंट काढून दिला होता. तो प्रिंट मी मामांच्या पुढ्यात ठेवला, त्यांनी चष्मा पण लावला नाही.

तुम्ही तुमच्या नातेवाइकांना हे आकडे दाखवा, आणि दाखवताना माझ्यासारखं चिडू नका. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ठरवणारे तुम्ही आणि त्यांचे डॉक्टर आहात, पूर्वी कोणाच्या बायकोला काय झालं ते नाही.

आता राहिलेलं. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. टाटाच्याच अभ्यासात दोन्ही घेणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांना जोरदार त्रास झाला, नुसत्या गोळीवर २५ टक्क्यांना. आईचंही तिसऱ्या सायकलनंतर हिमोग्लोबिन इतकं उतरलं की रक्त चढवावं लागलं, आठवडाभर वरणाचं पाणी तेवढं पोटात राहायचं. वडील फार अशक्त असतील, किडनी बरी नसेल, तर नुसती गोळी हाच शहाणपणाचा निर्णय असू शकतो, आणि तेव्हा तुमचे नातेवाईक बरोबर. पेमेट्रेक्सेड ठरलंच तर फॉलिक अॅसिडची रोजची गोळी आणि बी१२ चं इंजेक्शन आठवडाभर आधी चालू होतं, ते चुकवू नका, रक्ताच्या पेशी त्याने सांभाळल्या जातात. गोळ्याही आता बदलल्यात, बरेच डॉक्टर पहिल्यापासूनच ओसिमर्टिनिब देतात. तिच्यासोबतही केमो जोडून बघितली, २०२३ चा निकाल आहे, आजार दबून राहण्याच्या पावणेसतरा महिन्यांचे साडेपंचवीस झाले. खर्चाचं गणित मात्र घरी बसून मांडावं लागेल.

आणि लॅबमधून ब्लॉक परत मागून घ्या. तो तुमचा असतो, पुढे लागू शकतो. आमचा अजून बाबांच्या कपाटात आहे, त्याच रुमालात.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही नुसतं "पॉझिटिव्ह" लिहिलंय. रिपोर्टमध्ये एक्झॉनचा नंबर असतो, १९, २१ का २० ते बघून कमेंटमध्ये सांगा. १९ चं डिलीशन किंवा २१ चं एल८५८आर असेल तर वरचं सगळं लागू. २० चं इन्सर्शन, म्हणजे जादा तुकडा घुसलेला, असेल तर गेफिटिनिबसारख्या गोळ्या सहसा चालत नाहीत, तिथे नुसत्या त्या गोळ्यांवर भागवायचा विषय निघतच नाही.