साखर सोडताय? आधी पाकिटाची मागची बाजू वाचा

ताई, साखर बंद करायचं ठरवलंत, छान. पण गूळ म्हणजे पर्याय नव्हे. गुळातही बहुतेक साखरच असते, त्यामुळे डायबेटिस असेल तर गुळाचा चहा पिऊन मनाचं समाधान तेवढं होतं. खजुराचंही तसंच. मस्जिद बंदरला स्वस्त मिळतो म्हणून किलोभर आणू नका. लाडवात दोन-चार घाला, तंतू तरी पोटात जातील.

खरा पर्याय स्टीव्हिया. मूळची पॅराग्वेकडची वनस्पती. तिचा शुद्ध अर्क साखरेच्या 200 ते 300 पट गोड असतो, म्हणूनच पाकिटात अर्क चिमूटभर आणि बाकी भर असते. ती भर कसली, हे मागे वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज दिसलं की पाकीट परत फळीवर, ही दोन्ही रक्तातली साखर वाढवतात. एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो एक गोड पदार्थ) असेल तर रक्तातली साखर वाढत नाही, पण जास्त झालं की पोट बिघडतं.

चहात अगदी थोडं घाला. जरा जास्त पडलं की जिभेवर कडवट चव रेंगाळते. आलं ठेचून टाकलं की बरीच झाकली जाते. लिंबू सरबतातही जमतं. चिक्कीच्या नादी मात्र लागू नका, स्टीव्हियाचा पाक होत नाही.

जेष्ठमधही गोड लागतो, पण बीपी असेल तर रोज नकोच, तो बीपी वाढवतो. आणि वजन उतरेल या आशेवर हे करत असाल तर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वजन कमी करण्यासाठी साखरेऐवजीची बिनसाखरेची गोडी वापरू नका असंच सांगितलंय, त्यात स्टीव्हियाही आला. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.