बेरोजगारीवर संशोधन करायचंय? आधी गणित

प्रश्न : मुलगी बी. ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बेरोजगारी आणि महागाई यांवर संशोधन करून विद्यापीठात शिकवायचं, असं तिने ठरवलंय. एम. ए. पुरेसं आहे का? गणित बारावीनंतर सुटलंय, त्याने अडेल का? – एक पालक

उत्तर : अडेल, म्हणून गणितापासूनच सुरुवात करू. बेरोजगारी आणि महागाई हे विषय समग्रलक्षी अर्थशास्त्रात, म्हणजे संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या अभ्यासात येतात. तिथे पीएचडीच्या पहिल्याच वर्षी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे टप्प्याटप्प्याने घ्यायच्या निर्णयांचं गणित, समोर येतं. तिथे बरीच हुशार मुलं अडखळतात. कॅल्क्युलस, मग लिनिअर अल्जेब्रा, मग संभाव्यता आणि संख्याशास्त्र, असा क्रम आत्तापासून धरावा. जमल्यास रिअल अ‍ॅनालिसिसचा एक पेपर घ्यावा. त्यात कॅल्क्युलसमागचा तर्क शिकवतात, आणि सिद्धता लिहायची सवय तिथे लागते.

एम. ए. ही फक्त पायरी. प्राध्यापक-संशोधक व्हायचं तर पीएचडी हवीच, आणि तिला साधारण पाच-सहा वर्षं लागतात, हे घरात आधीच बोलून घ्या.

आता काम नेमकं कसं असतं ते. बेरोजगारीचा दर हा एकच आकडा दिसतो, पण त्यामागे दोन प्रवाह असतात : काम सुटणं आणि काम मिळणं. समजा, दर महिन्याला नोकरीतल्या २ टक्के लोकांचं काम सुटतं आणि बेरोजगारांपैकी ३८ टक्क्यांना काम मिळतं. हे प्रमाण टिकलं तर दर २ भागिले ४० (२ अधिक ३८), म्हणजे ५ टक्क्यांवर स्थिरावतो. काम मिळण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवर आलं तर एकही जादा माणूस कामावरून न काढता तोच दर १० टक्के होतो. डायमंड, मॉर्टेन्सन आणि पिसारिडिस या अर्थशास्त्रज्ञांना २०१० चं नोबेल मिळालं ते अशाच ‘शोध आणि जुळणी’च्या सिद्धांतासाठी, म्हणजे काम शोधणारे आणि रिकाम्या जागा एकमेकांना कशा सापडतात यासाठी. मुलीला हे गणित स्वतः मांडायला सांगा. त्यात रमली तर वाट योग्य आहे.

बाकी बराचसा वेळ आकडेवारी साफ करण्यात जातो, आणि चुका तिथेच होतात. काम शोधणं सोडलेला माणूस बेरोजगारांत मोजलाच जात नाही. श्रमशक्तीतल्या (काम करणारे आणि काम शोधणारे मिळून) १०० जणांत १० बेरोजगार असतील आणि त्यातल्या चौघांनी कंटाळून शोध थांबवला, तर दर १० वरून ६.२५ टक्क्यांवर येतो. सुधारणा मात्र काडीची नाही. म्हणून श्रमशक्ती सहभागाचा दर, म्हणजे काम करण्याच्या वयातले किती टक्के लोक श्रमशक्तीत आहेत हे, शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. सर्वेक्षणातले भारांक (प्रत्येक नोंद किती लोकांच्या वतीने मोजायची तो आकडा) विसरणं ही दुसरी नेहमीची चूक.

या सुट्टीत तिने आर (R) ही आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणकभाषा शिकावी. ती मोफत आहे. मग ज्याची आकडेवारी आणि कोड खुले आहेत असा एखादा प्रकाशित शोधनिबंध निवडून त्यातला पहिला तक्ता स्वतः कोड लिहून काढावा. आकडे जुळले नाहीत तर कुठल्या नोंदी गाळल्या, कुठली व्याख्या वेगळी धरली, हे शोधत बसावं. ते टिपण नीट लिहून एखाद्या प्राध्यापकांना दाखवावं. पुढे शिफारसपत्र मागताना गुणपत्रिकेइतकंच ते टिपण उपयोगी पडेल.