फुगडीला जज कशाला?

प्रश्न: ताई नमस्कार, मी डोंबिवलीला राहते, वय ४७, बँकेत नोकरी. गेल्या श्रावणात बिल्डिंगमधल्या एका सुनेची मंगळागौर होती, तिथे कितीतरी वर्षांनी फुगडी घातली आणि इतकी मजा आली की आम्ही काही जणी दर शनिवारी हॉलमध्ये जमायला लागलो. आता दोघीतिघींनी स्पर्धेत उतरायचं काढलंय. सेम कलरच्या नऊवारी, शिकवायला कोरिओग्राफर, रोज प्रॅक्टिस, चुकलं की ओरडा. घरी नवरा म्हणतो पन्नाशी आली, गुडघे सांभाळ. मुलगी म्हणते चालू दे मम्मी, मस्त कार्डिओ आहे. मला नुसतं खेळायचंय हो. ग्रुप सोडू का? आणि या वयात असं वाटणं म्हणजे बालिशपणा आहे का?

उत्तर: ग्रुप सोडू नका, स्पर्धा सोडा.

बालिशपणाचं म्हणाल तर मंगळागौरीचे हे खेळ मुळात लहान मुलींचे नाहीतच. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी पूजा आणि रात्री जागरण, ते जागरण निभावं म्हणून झिम्मा, पिंगा, लाट्या, कोंबडा. पूर्वी नवरी वयाने लहान असायची हे खरं, पण तिच्याबरोबर कंबर कसून उभ्या राहायच्या त्या आत्या, मावश्या, चुलत सासवा, चार-चार पोरांच्या आया. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई त्या रात्री कोंबडा होऊन घरभर उड्या मारायची, आणि सासू-सुनेच्या भांडणाच्या खेळात सून सासूला तिच्याच तोंडावर वाट्टेल ते सुनवायची आणि सासूपण हसायची, कारण खेळात बोललेलं मनावर घ्यायचं नाही हे ठरलेलं. तेच वाक्य दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात बोलली असती तर थेट माहेरी रवानगी! आणि हे फक्त बायकांचंच असंही नाही, वारीत बघा, पांढऱ्या मिशांचे आजोबा फुगडी घालत असतात, त्यांना कोणी वय विचारत नाही. तुकोबांच्या गाथेत तर फुगडी, टिपरी, विटीदांडू या खेळांवर अभंग आहेत.

आता तुमची खरी अडचण. फुगडी घालताना काय होतं आठवा, हातांची अढी घालून एकमेकींचे हात घट्ट धरायचे, पावलं जवळजवळ चिकटवायची आणि मागे झुकायचं. दोघी सारख्या झुकल्या तरच गरका बसतो. त्या वेळी डोक्यात उद्याचं ऑडिट राहूच शकत नाही, समोरचीने हात सोडला तर आपटायचं नक्की असतं ना! पण जज बघतोय, पदर व्हिडिओत नीट येतोय का, पुढची स्टेप कुठली, हे डोक्यात असलं की अंग ताठ राहतं, झुकताच येत नाही. तुमची मजा तिथेच गेली, तुमच्या वयाचा काही संबंध नाही.

स्पर्धावाल्यांना नावं ठेवू नका पण, त्यांची ती हौस आहे. श्रावणात पैसे घेऊन मंगळागौर करून देणारे ग्रुप आहेत, ते त्यांचं कामच आहे आणि त्यात मेहनत असते. तुम्ही सरळ सांगून टाका की शनिवार खेळाचा, त्या दिवशी कोरिओग्राफर नको, मोबाईल पर्समध्ये, स्टेप चुकली की सगळ्यांनी हसायचं आणि परत सुरू. दोघी राहिल्या तरी फुगडी होते.

मुलीचं कार्डिओ मात्र मनावर घेऊ नका. घाम येतो, चांगलंच आहे, पण एकदा कॅलरी मोजायला लागलात की न गेलेल्या शनिवारी गिल्ट येणार आणि मग तो जिमचा हप्ता झाला. गुडघ्यांबाबत नवरा अगदीच चुकीचा नाहीये, बसफुगडी गुडघ्यांना खरंच जड जाते, दुखत असतील तर डॉक्टरांना विचारा आणि तोवर झिम्मा खेळा. आणि त्या नवऱ्यालाही कधी पत्त्यांच्या मेंढीकोटला चौथा भिडू म्हणून बसवा, चारही दश्श्या घालवून कोट बसला की बघा कसा पेटतो ते.

प्रश्न: बाबा रिटायर झाल्यापासून सोसायटीतल्या पोरांशी कॅरम खेळतात. क्वीन घेतली आणि कव्हर गेलं नाही तरी सोंगटी परत मध्यात ठेवत नाहीत, वर भांडतात. पोरं आजोबा म्हणून सोडून देतात. मला लाज वाटते, काय करू?

उत्तर: लाज कसली, बाबा मनापासून खेळतायत म्हणून तर रडीचा डाव. पोरं सोडून देतात हे मात्र वाईट, त्यांनी बाबांना कच्चं लिंबू करून टाकलंय आणि बाबांना ते कळत असणार. रविवारी तुम्ही समोर बसा, पावडर टाका, क्वीन परत ठेवायला लावा आणि जमलं तर हरवा. हरलात तर तुम्हीही चिडा!