दिवाळीत घरी मर्डर मिस्ट्री जेवण ठेवताय? आधी एवढं बघा

मर्डर मिस्ट्री जेवण म्हणजे जेवता जेवता खेळायचा खेळ: पाहुणे एकेक पात्र होतात, त्यातलाच एक खुनी, आणि बाकीच्यांनी तो शोधायचा. करा की बिनधास्त! फक्त पहिल्या वेळेला ६ ते ८ जणच बोलवा, जास्त झाले की निम्मे कोपऱ्यात मोबाईल बघत बसतात. आणि पाहुण्यांपैकी कोणाला मारू नका हो, बिचारा पहिल्या १० मिनिटांत मेला तर रात्रभर करणार काय? मेलेला आधीच मेलेला, समजा चादर कारखान्याचे मालक, हिशेबाच्या वहीवर डोकं टेकून गेलेले, आणि इन्स्पेक्टर तुम्ही.

प्रत्येकाला ३-४ दिवस आधी व्हॉट्सॲपवर वेगळं पाठवा, ग्रुपवर नको:
- तू कोण
- मालकावर राग कशाचा
- काय लपवायचंय

बस्स, पानभर लिहिलेलं कोणी वाचत नाही. खोटं फक्त खुन्याने बोलायचं, बाकीच्यांनी थेट विचारलं तर खरं सांगायचं, नाहीतर कुणालाच धागा लागत नाही.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे महत्त्वाचा पुरावा एकाकडेच देतात आणि तो नेमका सांगायला विसरतो. दोघांकडे द्या.

गरम पोळ्या लाटत बसलात तर खेळ कोण चालवणार? कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, शेंगापोळी आधीच तयार ठेवा, फराळ आहेच, आणि प्रत्येक वाढपासोबत एक नवा पुरावा काढा. दोन-अडीच तासांत खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. दोन खुनी, वेशभूषा वगैरे पुढच्या वर्षी बघू.

अन् हो, लक्ष्मीपूजनाला नको, घरातली मोठी माणसं खून खून ऐकून चिडतील. भाऊबीजेनंतर ठेवा.