‘सामाजिक करार’ : करार म्हणावे की संकेत?

माणसांनी आपसांत ठरवून राज्य उभे केले, या कल्पनेला इंग्रजीत ‘सोशल काँट्रॅक्ट’ आणि मराठीत ‘सामाजिक करार’ म्हणतात. प्रश्न असा आहे : ज्यावर कोणीच कधी सही केली नाही, त्याला ‘करार’ का म्हणायचे? ‘सामाजिक संकेत’ जास्त बरोबर नाही का?

मला ‘करार’च योग्य वाटतो. संकेत रूढीने पडतो. करारात मी काही सोडतो, तुम्हीही सोडता, आणि ते ठरवून. शिवाय ‘करार’ मूळ अरबी. त्यात स्थैर्याचा, पक्केपणाचा अर्थ आहे. ‘करारी माणूस’ म्हणताना तोच डोकावतो. सहीच्या कागदाला ‘करारनामा’ हा वेगळा शब्द आहेच.

खरी गोम आहे ती करार कोणाचा कोणाशी यात. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जच्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथात (१६५१) माणसे एकमेकांशी करार करतात, राजाशी नव्हे, त्यामुळे राजाने तो मोडला असे म्हणायची सोयच उरत नाही. पण स्वतःवर राज्य करायचा हक्क माणूस का सोडून देईल? भीतीपोटी. हॉब्जची निसर्गावस्था, म्हणजे राज्य नसतानाची माणसांची स्थिती, समजावताना ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण वापरतात, ती मला खटकते. त्याचे म्हणणे जवळजवळ उलटे आहे : सगळ्यांत दुबळा माणूसही कट करून किंवा चौघांना हाताशी धरून सगळ्यांत बलवानाचा जीव घेऊ शकतो. बलवान झाला तरी झोपतोच ना! हॉब्ज वाचकालाच विचारतो : निजताना दार बंद करता, घरातल्या पेटीला कुलूप लावता, तेव्हा स्वतःच्या मुलांविषयी आणि नोकरांविषयी तुमचे मत काय असते?

हॉब्जनंतरचा इंग्रज तत्त्वज्ञ लॉक. त्याचा माणूस इतका धास्तावलेला नाही. त्याला राज्याआधीही हक्क कळतात. उणीव असते निःपक्ष न्यायाधीशाची. म्हणून लॉक समजावताना ‘करारा’सोबत ‘विश्वस्त’ हा शब्द हवाच : सरकार विश्वस्त, आणि विश्वासघात झाला तर सत्ता परत घेता येते.

फ्रेंच भाषेत लिहिणारा विचारवंत रूसो, त्याने (१७६२) तर पुस्तकाच्या नावातच करार घातला. त्याच्या मते माणसाला मुळात जिवाची काळजी आणि दुसऱ्याविषयी कळवळा असतो. स्वतःला इतरांशी मोजण्याची खोड समाजात लागते. जिवाच्या काळजीला ‘आत्मप्रेम’, या खोडीला ‘अहंता’ म्हणावे. दोन्हींना ‘स्वार्थ’ म्हटले की रूसो हातातून निसटतो.

वरची म्हण चपखल बसते ती महाभारताच्या शांतिपर्वात. तिथे राजा नसताना माणसे माशांसारखी एकमेकांना खातात, मग एकत्र येऊन आपसांत ठराव करतात. त्या ठरावांना तिथला शब्द आहे ‘समय’. मराठीत त्याचा ‘वेळ’ एवढाच अर्थ उरला, नाहीतर मी तोच सुचवला असता.